परदेशातील कायम वास्तव्याचा हक्क आणि पतीसमवेत गेलेली पत्नी : एक ऐतिहासिक विवेचन

आपल्या ज्ञातिमंडळाच्या स्मरणिकेत दरवर्षी गुणवंत विद्यार्थ्यांची आणि नवविवाहितांची नावे छापली जातात. पूर्वी त्या नावांपुढे पुणे, सांगली, नाशिक, नागपूर अशी गावे असत. आता टोरांटो, न्यू जर्सी, सिंगापूर अशी नगरे दिसू लागली आहेत. ही गोष्ट अभिमानाची आहे यात संशय नाही. तथापि परदेशी वास्तव्य करणाऱ्या आपल्या मुलामुलींना, विशेषतः मुलींना, एका प्रश्नास तोंड द्यावे लागते आणि त्याची वार्ता आपणा वडीलधाऱ्यांच्या कानी बहुधा फार उशिरा येते. त्या प्रश्नाचा इतिहास समाजबांधवांपुढे ठेवावा, एवढाच या लेखाचा हेतू आहे. मी कायदेपंडित नव्हे. मॅट्रिकपर्यंत शिकलेला आणि उभी हयात मुलांना इतिहास शिकविण्यात घालविलेला मी एक निवृत्त शिक्षक आहे. त्यामुळे विषयाची मांडणी माझ्या परिचयाच्या वाटेनेच करतो.

प्रथम या विषयाकडे मी कसा वळलो ते सांगतो. माझी एक भाची शिक्षणासाठी अमेरिकेस गेली, तेथे नोकरीस लागली आणि आपल्या कर्तृत्वावर तिने तेथील कायम वास्तव्याचा हक्क, म्हणजे ज्यास ग्रीन कार्ड म्हणतात तो, मिळविला. पुढे तिचा विवाह झाला. जावईबापूंची नोकरी सिंगापूरला होती, म्हणून ती पतीसमवेत तिकडे गेली. कार्ड जिवंत राहावे म्हणून दरवर्षी तीन आठवडे अमेरिकेस जाऊन येई. तीन वर्षे हे निभावले. चौथ्या खेपेस विमानतळावरील अधिकाऱ्याने विचारले, "आपले घर कोठे आहे?" ती सरळ स्वभावाची मुलगी; "सिंगापूरला," असे म्हणाली. तासाभराने तिच्यापुढे एक कागद ठेवण्यात आला. आपण हा हक्क स्वखुषीने सोडीत आहोत, असे त्यावर लिहिले होते. प्रवासाने थकलेल्या भाचीने सही केली. घरी फोन करून ती एवढेच म्हणाली, "मामा, मी चूक काय केली? नवऱ्याबरोबर गेले, एवढेच ना?"

तिच्या या प्रश्नाचे उत्तर शोधता शोधता मी सुमारे सव्वाशे वर्षे मागे गेलो.

दाखला हाती, पण दार बंद

परदेशी वसलेल्या माणसाने स्वदेशी जाऊन यावे आणि आपल्या घराचे दार उघडे सापडावे, हा विश्वास किती ठिसूळ आहे, हे अमेरिकेतील चिनी मजुरांनी प्रथम अनुभवले. 1882 च्या कायद्याने नव्या चिनी मजुरांस बंदी झाली. परंतु पूर्वीपासून राहणाऱ्यांस बाहेर जाताना पुनरागमनाचा दाखला मिळत असे. छे चान पिंग नावाचा मजूर 1875 पासून सॅन फ्रान्सिस्को येथे राहत होता. 1887 च्या जूनमध्ये तो असा दाखला घेऊन मायदेशी गेला. परतीच्या जहाजात तो असतानाच, 1 ऑक्टोबर 1888 रोजी, नव्या कायद्याने असे सर्व दाखले रद्द ठरले. आठवड्याभराने जहाज बंदरास लागले, परंतु त्यास उतरू दिले नाही. असे दाखले घेऊन बाहेर असलेल्या सुमारे 20,000 चिनी लोकांचा परतीचा मार्ग त्या एका कायद्याने बंद झाला. 1889 मध्ये सर्वोच्च न्यायालयानेही छे चान पिंग याच्या विरुद्ध निर्णय दिला. कोणास आत घ्यावे हे ठरविण्याचा अधिकार राष्ट्राचा असून परतीची परवानगी केव्हाही काढून घेता येते, असा त्या निर्णयाचा आशय होता.

आपल्या देशबांधवांचा अनुभवही याहून फारसा निराळा नाही. कॅनडाने 1908 मध्ये असा नियम केला की, जन्मदेशापासून अखंड प्रवास करून येणाऱ्यासच प्रवेश मिळेल. हिंदुस्थानातून थेट जाणारे जहाजच नसल्यामुळे ही आपल्या लोकांवर आडमार्गाने घातलेली बंदी होती. व्हॅंकूव्हर येथे स्थायिक झालेले भाग सिंग आणि बलवंत सिंग हे दोन शीख गृहस्थ बायकामुलांना आणण्यासाठी स्वदेशी आले आणि 1912 च्या प्रारंभी त्यांना घेऊन परतले. पुरुषांना प्रवेश मिळाला, कारण ते तेथील पूर्वीचे रहिवासी होते. त्यांच्या बायकामुलांना मात्र परत पाठविण्याचा हुकूम निघाला. पुष्कळ खटपटीनंतर केवळ कृपा म्हणून त्यांना राहू दिले गेले. दोन वर्षांनी, 1914 मध्ये, कोमागाता मारू जहाज 376 प्रवासी घेऊन त्याच बंदरास आले, तेव्हाही पूर्वीचे वास्तव्य सिद्ध करू शकलेल्या सुमारे वीस जणांनाच प्रामुख्याने उतरता आले. बाकीच्यांना दोन महिने पाण्यावर तिष्ठत ठेवून परत पाठविण्यात आले. स्थायिक हिंदी लोकांच्या बायकामुलांना कॅनडात येण्याची मुभा 1919 मध्ये मिळाली.

पतीचे राष्ट्र तेच पत्नीचे

चिनी मजुराची अडचण वर्णद्वेषाची होती. स्त्रियांच्या बाबतीत तिच्या जोडीला आणखी एक तत्त्व उभे होते. विवाहाने स्त्रीचे स्वतंत्र अस्तित्व पतीच्या अस्तित्वात विलीन होते, ही कल्पना जुन्या इंग्रजी कायद्याच्या मुळाशी होती. पत्नीचे अधिवासस्थान पतीचे तेच, हा नियम इंग्लंडने 1974 च्या प्रारंभापासून रद्द केला. आपल्याकडील 1925 च्या भारतीय वारसाहक्क कायद्यात तो आजही लिहिलेला आहे. कायद्याचा तो भाग हिंदूंस लागू नाही, ही गोष्ट वेगळी.

अमेरिकेने हेच तत्त्व नागरिकत्वासही लावले. 2 मार्च 1907 च्या कायद्यान्वये परकीयाशी विवाह करणाऱ्या अमेरिकन स्त्रीस पतीचे राष्ट्रीयत्व प्राप्त होई आणि तिचे स्वतःचे नाहीसे होई. याकरिता तिने देश सोडावयासही नको होता. कॅलिफोर्नियातील एथेल मॅकेन्झी या बाईंनी एका स्कॉटिश गायकाशी विवाह केला होता. आपल्याच गावी मतदारयादीत नाव घालावयास त्या गेल्या असता त्यांना नकार मिळाला. त्या सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेल्या; परंतु 1915 मध्ये निकाल त्यांच्या विरुद्ध लागला. परिणाम ठाऊक असता विवाह केला, म्हणजे तो परिणाम स्वेच्छेने पत्करला, असे न्यायालयाचे म्हणणे पडले. पतीच्या मागून जाणे ही पत्नीची स्वेच्छाच होय, हे सूत्र वाचकांनी ध्यानात ठेवावे. पुढे ते पुन्हा भेटणार आहे.

1922 च्या केबल कायद्याने या अन्यायाचा बराचसा परिहार केला. परंतु त्यातही दोन खिळे राहिले. एक असा की, ज्यांना वर्णामुळे नागरिकत्व मिळू शकत नाही अशा पुरुषाशी विवाह केल्यास स्त्रीचे नागरिकत्व जाईच. दुसरा असा की, परकीय पतीच्या देशात सतत दोन वर्षे किंवा अमेरिकेबाहेर कोठेही सतत पाच वर्षे राहिल्यास तिने नागरिकत्व सोडले, असे गृहीत धरले जाई. म्हणजे विवाहाने गेले नाही, तरी सहवासाने जाण्याची तरतूद राहिली. यांतील दुसरा खिळा 1930 मध्ये व पहिला 1931 मध्ये निघाला.

रूथ ब्रायन ओवेन

या काळातील एका स्त्रीचे चरित्र आपल्या भगिनींनी अवश्य जाणून घ्यावे. विल्यम जेनिंग्ज ब्रायन हे अमेरिकेचे विख्यात पुढारी. तीन वेळा ते राष्ट्राध्यक्षपदासाठी उभे राहिले. त्यांची कन्या रूथ हिने 1910 मध्ये रेजिनाल्ड ओवेन या ब्रिटिश लष्करी अधिकाऱ्याशी विवाह केला आणि त्याच दिवशी तिचे अमेरिकन नागरिकत्व संपले. पतीच्या नोकरीपायी ती देशोदेशी फिरली. पहिल्या महायुद्धात तिने ईजिप्तकडील रणक्षेत्रात परिचारिकेचे काम केले. युद्धात पतीची प्रकृती ढासळली, तेव्हा 1919 मध्ये ती त्यांना घेऊन फ्लोरिडात आली. ज्या देशात जन्म झाला त्याच देशात एखाद्या परक्या बाईप्रमाणे अर्ज करून 1925 मध्ये तिने नागरिकत्व परत मिळविले. 1927 मध्ये पती निवर्तले. 1928 मध्ये ती निवडणुकीस उभी राहिली आणि काँग्रेसच्या प्रतिनिधिगृहावर निवडून आली.

पराभूत प्रतिस्पर्ध्याने तक्रार केली की, सभासद होण्यास सात वर्षांचे नागरिकत्व लागते आणि या बाईंचे तर 1925 पासूनचे आहे. रूथ यांनी आपली बाजू प्रतिनिधिगृहापुढे मांडली. परकीय स्त्रीशी विवाह केल्यामुळे कोणा अमेरिकन पुरुषाचे नागरिकत्व गेलेले नाही, मग स्त्रीचेच का जावे, असा त्यांच्या युक्तिवादाचा रोख होता. 1930 मध्ये निर्णय त्यांच्या बाजूने लागला. 1933 मध्ये त्यांची डेन्मार्कमध्ये अमेरिकेच्या वकील म्हणून नेमणूक झाली. असे पद मिळविणाऱ्या त्या पहिल्या अमेरिकन स्त्री होत. 1936 मध्ये त्यांनी तेथील एका लष्करी अधिकाऱ्याशी विवाह केला. डेन्मार्कच्या कायद्याने पत्नीसही पतीचे नागरिकत्व लाभे. म्हणून त्यांना ते पद सोडावे लागले. एकाच स्त्रीच्या आयुष्यात विवाहाने दोनदा तिचे राष्ट्र हलविले!

पंडित दांपत्याची कथा

या इतिहासात एक आपल्या वळणाचे नावही आहे. सखाराम गणेश पंडित हे अहमदाबादेस जन्मलेले गृहस्थ अमेरिकेत गेले, 1914 मध्ये तेथील नागरिक झाले व कॅलिफोर्नियात वकिली करू लागले. 1920 मध्ये त्यांनी लिलियन स्ट्रिंगर या अमेरिकन स्त्रीशी विवाह केला. लिलियनबाईंनी स्वतःच्या हिमतीवर सरकारी जमीन मिळवून वसविली होती. 1923 मध्ये भगतसिंग थिंद यांच्या खटल्यात हिंदी लोक गोरे नव्हेत, सबब नागरिकत्वास अपात्र होत, असा निकाल सर्वोच्च न्यायालयाने दिला. त्या खटल्यात थिंद यांचे वकील पंडितच होते. मग सरकारने पूर्वी नागरिक झालेल्या हिंदी लोकांची कागदपत्रे रद्द करण्याचा सपाटा लावला. पंडितांवरही दावा आला. पतीचे नागरिकत्व गेले असते तर पत्नीचे गेले असते आणि तिने स्वकष्टाने मिळविलेली जमीनही धोक्यात आली असती. हे सर्व पंडितांनी न्यायालयासमोर मांडले. 1926 मध्ये वरिष्ठ न्यायालयाने पंडितांच्या बाजूने निकाल दिला व तो कायम राहिला. इतरांच्या वाट्यास असे भाग्य आले नाही. बंगालचे क्रांतिकारक तारकनाथ दास यांच्याशी 1924 मध्ये विवाह केलेल्या मेरी दास यांना आपल्याच देशात राष्ट्रहीन व्हावे लागले. या स्थितीविषयी त्यांनी 1926 मध्ये नियतकालिकातून लिहिलेही.

पुढे 2 जुलै 1946 च्या कायद्याने हिंदी लोकांना नागरिकत्वाचा अधिकार आणि वर्षाकाठी 100 जागा मिळाल्या. 1965 च्या कायद्याने राष्ट्रवार कोट्यांची जुनी पद्धत मोडली आणि आपल्या घरांतील डॉक्टर व इंजिनिअर तिकडे जाऊ लागले.

ग्रीन कार्डाचा काळ

आज पत्नीचा हक्क पतीच्या हक्कात विलीन होत नाही. प्रत्येकाचे कार्ड ज्याचे त्याचे. ही प्रगती निःसंशय मोठी आहे. परंतु तिची एक दुसरी बाजू आहे, ती आपण ओळखली पाहिजे. हक्क स्वतंत्र झाला, तशी त्याची राखणही स्वतंत्र झाली. पतीबरोबर राहणे हे कर्तव्य म्हणून समाज सांगतो. कायदा मात्र ते सबळ कारण म्हणून सहसा मानीत नाही.

1988 मध्ये अमेरिकेच्या स्थलांतरविषयक अपील मंडळापुढे असेच एक प्रकरण आले. पती जपानमध्ये नोकरी करीत असून उच्च अध्ययनही करीत होता. पत्नी मुलांसह त्याच्याजवळ राहत होती आणि वर्षातून एकदा थोड्या दिवसांसाठी अमेरिकेस जाऊन येत होती. पतीचे काम संपले की परतावयाचे, असे तिचे म्हणणे होते. ते केव्हा संपेल हे मात्र निश्चित नव्हते. मंडळाने ठरविले की, तिने कायम वास्तव्य सोडले आहे. बाहेरचा मुक्काम तात्पुरता हवा आणि त्यास ठराविक शेवट हवा. वार्षिक भेटीने तो तात्पुरता ठरत नाही. हा निर्णय वाचला तेव्हा माझ्या भाचीचे तीन आठवडे मला आठवले. 1915 चे ते स्वेच्छेचे सूत्र येथे वेगळ्या वेषात पुन्हा उभे होते.

काय करता आले असते

इतिहास सांगून थांबणे हे शिक्षकास शोभत नाही. म्हणून या चौकशीत जे समजले ते थोडक्यात देतो. वर्षाहून अधिक काळ बाहेर राहिल्यास केवळ कार्डावर प्रवेश मिळत नाही. म्हणून निघण्यापूर्वी, अमेरिकेत प्रत्यक्ष असतानाच, री-एंट्री परमिटसाठी अर्ज करावा. ते सामान्यतः दोन वर्षांपर्यंत चालते. ही व्यवस्था 1924 च्या कायद्यापासूनची आहे. परंतु त्यामुळे हक्काची हमी मिळते असे नव्हे. तेथील घर, बँकेतील खाते आणि रहिवासी म्हणून भरलेला आयकर ही साक्ष जवळ असावी. पती अमेरिकन नागरिक असून तेथील सरकारच्या किंवा परदेशी व्यापार करणाऱ्या अमेरिकन कंपनीच्या नोकरीत बाहेर जात असेल, तर ग्रीन कार्डधारक पत्नीस वास्तव्याच्या मुदतीची अट न लागता नागरिकत्व मागता येते. ही सवलत फार थोड्यांना ठाऊक असते.

हक्क गेलाच असे वाटले, तरी दोन गोष्टी ध्यानात ठेवाव्यात. पहिली अशी की, विमानतळावरील अधिकाऱ्यास तो हक्क एकट्याच्या अधिकारात काढून घेता येत नाही. ज्याने स्वतः सोडला नाही, त्यास न्यायाधीशापुढे आपली बाजू मांडता येते आणि हक्क सोडल्याचे भक्कम पुराव्याने सिद्ध करण्याचा भार सरकारवर असतो. सही करणारी व्यक्ती हा भार आपल्या हाताने सरकारच्या डोक्यावरून उतरविते. दुसरी अशी की, परतण्याचा हेतू होता, परंतु आपल्या आवाक्याबाहेरील कारणाने अडकून पडलो, असे दाखविता आल्यास अमेरिकन वकिलातीकडून परतणाऱ्या रहिवाशाचा व्हिसा मागता येतो. आजारपण यात बसू शकते. नुसती पतीची नोकरी बसणे कठीण.

कॅनडाने मात्र थोडी निराळी वाट धरली आहे. 1976 च्या कायद्यानुसार बारा महिन्यांत 183 दिवसांहून अधिक काळ बाहेर राहिल्यास हक्क सोडला असे सामान्यतः मानले जाई. 2002 मध्ये अमलात आलेल्या नव्या कायद्याने पाच वर्षांत 730 दिवसांचा हिशेब ठरविला आणि कॅनडाचा नागरिक असलेल्या जोडीदारासमवेत परदेशी काढलेले दिवस त्या हिशेबात धरण्याची तरतूद केली. सहवासाचा पुरावा लागतो, हे खरे. तथापि पतीसमवेत राहणे हा दोष नव्हे, एवढे तरी त्या कायद्याने मान्य केले. ब्रिटनमध्ये सामान्यतः दोन वर्षांच्या सलग गैरहजेरीने कायम वास्तव्याचा परवाना संपतो आणि परतण्यासाठी नव्याने अर्ज करावा लागतो. नियम बदलत राहतात. म्हणून निघण्यापूर्वी जाणत्या वकिलाचा सल्ला घ्यावा.

उपसंहार

माझ्या भाचीने पुढे नोकरीच्या मार्गाने पुन्हा अर्ज केला आहे. तेथील भारतीयांची रांग किती लांब आहे हे आपणांस विदित आहेच. ती आता सिंगापूरला एका विद्यालयात शिकविते. आपल्या जुन्या कार्डाविषयी ती बोलत नाही, परंतु लग्न ठरलेल्या प्रत्येक मैत्रिणीस विचारते, "कागद कोणाच्या नावाचा आहे आणि तो कोण सांभाळणार आहे?"

आपल्या ज्ञातीत विवाह ठरविताना आपण पत्रिका पाहतो, मुलाचा पगार विचारतो, घराणे विचारतो. मुलीने स्वतःच्या परिश्रमाने जो हक्क मिळविला आहे, त्याचे विवाहानंतर काय होणार, हे मात्र एकही वडीलधारा विचारीत नाही. मीही त्या वेळी विचारले नव्हते. बैठकीत पानसुपारी होऊन सर्वजण उठले, तेव्हा हा प्रश्न माझ्या मनातही आला नाही. म्हणून भाचीच्या त्या प्रश्नास माझे उत्तर असे आहे की, चूक तिची नव्हती. जाणत्यांनी जे विचारावयास हवे होते ते विचारले नाही, ती चूक आमची होती. यापुढे तरी आपल्या बैठकींत हा प्रश्न विचारला जावा, एवढीच समाजबांधवांस आणि भगिनींस नम्र विनंती करून हा लेख पुरा करतो.